मरिनात शिरण्याआधी पाण्याची खोली विचारा

खडकवासल्यात शिडाची होडी शिकलेल्या पुणेकरांना भरती-ओहोटीची सवय नसते. कोचीला बोलगट्टी बेटावरच्या रिसॉर्टलगत मरिना, म्हणजे होड्या बांधून ठेवायचं छोटं बंदर, आहे. तिथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतच. मुंबईत मात्र उधाणाला तो पाच मीटरच्या घरात जातो! म्हणून कुठल्याही मरिनात शिरण्याआधी फोन करून ऐन ओहोटीला तोंडाशी पाणी किती उरतं ते विचाराच. पोचायचं उजेडी, भरती चढत असताना. तळ लागलाच तर वाढतं पाणी होडी उचलतं.

धक्का तरंगता असेल तर काळजी नाही, तो होडीबरोबरच वरखाली होतो. पक्का असेल तर दोर लांब आणि तिरके बांधा. आखूड दोरावर ओहोटीत होडी लटकते, खुंट्या उखडतात. फेंडर, म्हणजे होडी धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या फुगीर गाद्या, आत शिरण्याआधीच सोडून ठेवा.