नहराच्या पाळीवरून सायकल: भंडारा-गोंदियाकडचे सोपे रस्ते

माझी सगळी नोकरी नहराच्या पाळीवर, म्हणजे कालव्याच्या बांधावर, गेली. पाटबंधारे खात्यात होतो. पाणी सोडायचं, दरवाजे बघायचे, कुणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) पाणी पोचलं आणि कुणाच्या नाही यावरची भांडणं ऐकायची, आणि हे सगळं काळ्या दांडीच्या सायकलीवर. आता नागपूरचा भाचा गिअरची सायकल कारच्या मागे बांधून येतो नि म्हणतो, "मामाजी, सोपा रस्ता सांगा ना." सोबत त्याच्या ऑफिसातले दोघं-चौघं असतात. त्यातले निम्मे शाळा सुटल्यापासून सायकलीवर बसलेले नसतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

आमच्याकडे चढाची भीती नाही, धानाच्या बांध्यांचा मुलूख सपाटच. माणसाला दमवते ती माती. म्हणून रस्ता निवडताना नकाशाआधी जमीन बघायची. लाल मुरूम असेल तर पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत चाक चालतं. काळी माती असेल तर नाव काढू नका. ओल्या काळ्या मातीत चाक आणि फोर्क (चाक धरणारा चिमटा) यांच्यामधे चिखल गच्च बसतो, चाक फिरेनासं होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या कपाशीच्या पट्ट्यात पांदण रस्ते पुष्कळ आहेत, पण ते दिवाळी ते होळी एवढ्याच काळात चालवायचे. एप्रिलमध्ये त्याच जमिनीला भेगा पडतात आणि बारीक टायर त्यात अडकतो. तिकडे पहिल्यांदा जाणाऱ्याने सेवाग्राम ते पवनार करावं. बहुतेक पक्का रस्ता, शेवटी धाम नदी आणि विनोबांचा आश्रम. त्या भागाबद्दल याहून जास्त सांगायला तिकडचाच माणूस हवा.

अगदी नवख्याने सुरुवात गाव तलावाच्या पाळीवर करावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत जुने मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातले) गावोगावी आहेत, त्यातले कितीतरी कोहळी लोकांनी बांधलेले. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव राहिले. पाळ म्हणजे मातीचा उंच बांध. वर बैलगाडी जाईल एवढी रुंद जागा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धान. लांबी थोडीच असते, म्हणून पाच-सहा फेऱ्या मारायच्या. गिअर बदलायला, ब्रेकचा अंदाज घ्यायला, एका हाताने पाण्याची बाटली काढायला याहून बरी जागा नाही. दोन गोष्टी सांभाळा. सांडव्यावरून पाणी वाहत असेल तर उतरून चालत जा, दगडावर शेवाळ असतं. आणि ढिवरांची जाळी पाळीवर वाळत पडलेली असतात, त्यांच्यावरून चाक नेऊ नका. जाळं शिवायला किती रात्री जातात ते त्यांच्या घरात विचारा.

हात बसला की नहर. नहर पाण्याला उतार देऊनच खोदतात, पण तो उतार इतका बारीक की काही किलोमीटरांत एखादा मीटर. टेकडी आली की नहर तिला वळसा घालून जातो, चढून जात नाही. म्हणजे त्याच्या काठचा रस्ता आपोआप सपाट, सावकाश वळणांचा. नहराला सहसा दोन पाळी असतात. एक रुंद, खात्याची जीप जाण्यासाठी मुरूम टाकलेली. दुसरी अरुंद, बाभळीने भरलेली. रुंद पाळ धरा. नहर एका हाताला ठेवून जायचं आणि दुसऱ्या हाताला ठेवून परतायचं, वाट चुकायची सोयच नाही. ज्या बाजूने वारा तोंडावर येतो त्या बाजूला आधी निघा, म्हणजे थकल्यावर तो पाठीवर असतो. मुरमावर नवखा माणूस तासाला दहा किलोमीटरच्या आसपास जातो. पहिल्या दिवशी पाच जाऊन पाच येणं भरपूर झालं.

माझा आवडता इटियाडोहचा नहर. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर हे धरण आहे. त्याचं पाणी लाखांदूरकडून खाली वडशाच्या बाजूला जातं. कुठल्याही गावाजवळच्या पुलावर गाडी लावा आणि तिथून सुरू करा. नोव्हेंबरात धान कापणी चालू असते, तेव्हा पेंढ्या आणि धान रस्त्यावरच वाळत घातलेले असतात, तेवढ्या जागी उतरायचं. उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं की नहर भरून वाहतो. दिसायला सुंदर, पण शेतकरी रबरी पाइप रस्त्यावरून आडवे टाकतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. सायकल नेहमी शेताच्या बाजूने चालवा. सिमेंटचं अस्तर असलेल्या नहरात पडलेल्या माणसाला बाहेर येणं फार कठीण जातं. उतार गुळगुळीत, वर शेवाळ, पकडायला काही नाही. पोहायची हौस तिथे नकोच. पोरं सोबत असतील तर भरल्या नहरावर नेऊच नका, तलावाची पाळ बरी.

नदीकाठ हवा असेल तर पवनी. जुनं गाव, वैनगंगेचे घाट. तिथून वर गोसेखुर्द धरणापर्यंत दहा-बारा किलोमीटर. गावांमधून जाणारा रस्ताच धरा. नदीच्या वाळूत सायकल चालत नाही, ढकलावी लागते, आणि उन्हाळ्यात पात्रात डांगराच्या वाड्या असतात, त्यांतून वाट काढणं म्हणजे कुणाचं तरी पीक तुडवणं. गोसेखुर्दला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की खालच्या काठाला पाणी भराभर चढतं, म्हणून जुलै ते सप्टेंबर पात्राच्या कडेला उतरू नका. धरणाच्या भिंतीवर जायचं की नाही हे पहारेकऱ्याला विचारा. तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका, तो त्याचं काम करतो.

नवेगावबांधचा तलाव मोठा, हिवाळ्यात पक्षी बघण्यासारखे. गावातून तलावापर्यंत सायकलीने खुशाल जा. त्यापुढे जंगल, आणि नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय आत चाक घालायचं नाही.

वाघाचं निघालंच आहे तर सांगतो. शहरातले सायकलवाले पहाटे पाचला निघतात. आमच्याकडे निघू नका. साकोली, अर्जुनी, ब्रह्मपुरी, या सगळ्या पट्ट्यात वाघ जंगलाबाहेर नहराच्या झुडपांतूनही फिरतात. मोहफुलाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, भल्या पहाटे मोह वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात. ऊन अंगावर आल्यावर निघा, सूर्य बुडण्याआधी गावात या. निघण्याआधी चहाच्या टपरीवर विचारा, "इकडं काही दिसलं का जी?" उत्तर ऐकून घ्या आणि माना. संध्याकाळनंतर शेतातून आडवी वाट तर मुळीच धरू नका. रानडुकरांसाठी काही जण तारेत करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे, पण तारेला ते कळत नाही.

सायकलीचं थोडक्यात. फार महागडी नको, साधी एमटीबी (माउंटन बाइक) चालते. टायर दोन इंचांच्या आसपास रुंद असावा. दुकानदार दगडासारखी हवा भरून देतो, मुरमावर ती हाडं खिळखिळी करते. सत्तर किलोच्या माणसाला ३० ते ३५ पीएसआय पुरे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला की उंची बरोबर. खड्ड्यात ढुंगण उचला, हाताचे कोपर सैल ठेवा. मोकळ्या गिट्टीवर पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, घसरायला तेवढं पुरतं. हेल्मेट घाला, कोणी हसलं तर हसू द्या.

पंक्चर होणारच. बाभळीचा काटा आणि सराटा दोन्ही आमच्या पाळींवर भरपूर. जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, छोटा पंप सोबत हवा. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका, हवा टिकून असेल तर गावापर्यंत तसंच चला. पॅच लावल्यावर टायरच्या आतून सावकाश बोटं फिरवा, तुटलेलं टोक आत राहिलं तर पुढच्या वळणावर परत बसाल. आणखी एक, एमटीबीला बहुतेक मोटरसायकलीसारखाच वॉल (ट्यूबमध्ये हवा भरायचं तोंड) असतो, म्हणून कुठल्याही गावच्या मोटरसायकल पंक्चरवाल्याकडे हवा मिळते. भाच्याच्या एका मित्राच्या महागड्या सायकलीला बारीक वॉल होता, त्याला मिळाली नाही. बारीक वॉल असेल तर अडॅप्टर खिशात ठेवा, चार-दोन ग्रॅमची वस्तू.

पाणी माणशी दोन लिटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो, तेव्हा सायकल घरात असू द्या. सोबत शिदोरी नेली नाही तरी चालते, तलावाच्या गावात हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे विकायला असतात.

आणि पावसानंतर पाळ ओली असेल तर, मुरूम असला तरी, दोन दिवस थांबा. ओल्या पाळीवर चाकाची खाच पडते, पुढचा पाऊस त्याच खाचेतून वाहतो आणि तिची घळ होते. मग घमेलं-फावडं घेऊन ती बुजवायला माझ्या जागी आलेल्या पोराला जावं लागतं, आणि त्याच्याकडे आधीच दोन माणसांचं काम आहे.