नौदलाच्या कुंपणाला लागून जमीन घेताय? आधी एवढं तपासा

सातबारा कोरा दिसला की कोकणात बयाणा देऊन मोकळे होतात. लष्करी हद्दीजवळ तेवढ्यावर भागत नाही.

आधी 1930 नंतरचे सगळे फेरफार काढा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘भारत सरकार’, ‘संरक्षण’ किंवा भूसंपादनाचा उल्लेख दिसला तर निवाड्याची (भूसंपादनाच्या अंतिम आदेशाची) नक्कल आणि संयुक्त मोजणीचा नकाशा मागा. बऱ्याचदा हिश्शाचा तुकडाच संपादित होतो आणि सातबाऱ्याची फोड राहून जाते. कागदावर मालक जुनाच.

कोकणात कटक मंडळ, म्हणजे लष्करी छावणीचा कारभार बघणारी संस्था, नाही. त्यामुळे इथल्या लष्करी जमिनीची नोंद संरक्षण संपदा अधिकाऱ्याकडच्या (संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणारा केंद्राचा अधिकारी) लष्करी जमीन नोंदवहीत शोधायची. माहिती अधिकारात अर्ज करा: 10 रुपये, मुदत 30 दिवस. गाव, तालुका, हिस्सा लिहा आणि सर्व्हे नंबर जुना व नवा दोन्ही द्या. नोंद जुन्या नंबरावर असली आणि तुम्ही फक्त नवा गट नंबर दिलात, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. ते ना हरकत समजू नका.

मग बांधकामाचे निर्बंध. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. 1903 च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली राजपत्रात अधिसूचना निघाली असेल तर निर्बंध 2000 यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे 1830 मीटरपर्यंत जाऊ शकतात. 500 यार्डांच्या आतला पट्टा सर्वांत कडक. सोबतचा नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयात बघा. अधिसूचना नसली तरी संरक्षण मंत्रालयाची परिपत्रकं आहेतच. 2016 च्या परिपत्रकात निर्बंध काही ठिकाणी 10 मीटरपर्यंत, काही ठिकाणी 100 मीटरपर्यंत. अंतर आतल्या इमारतीपासून नाही, बाहेरच्या भिंतीपासून मोजतात. नियम पुढे बदलत गेलेत, म्हणून परवानगी देणाऱ्या नियोजन प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्या. लष्कराचं मत तेच मागवतं. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

मोजणीच्या अर्जात लगतधारक म्हणून संरक्षण संपदा कार्यालयाचं नाव घाला. ते सुटलं तर त्यांना नोटीस जात नाही आणि ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) पुढे वादात टिकत नाही. तारेचं कुंपण म्हणजे हद्द, असं धरू नका. संपादित जमीन कुंपणाबाहेरही असते.

‘आजोबांपासून वहिवाट आहे’ हा युक्तिवाद सरकारविरुद्ध लंगडा पडतो. खाजगी मालकाविरुद्ध 12 वर्षं पुरतात, सरकारविरुद्ध 30 लागतात, तीही उघड आणि अखंड. कलमं लावून आंबे खाल्ले, एवढ्याने ताबा सिद्ध होत नाही.