वीज कंपनी बदलताय? मे महिन्याचं बिल बघून ठरवू नका

पुण्यात घरगुती ग्राहकाला वर्षानुवर्षे महावितरणशिवाय पर्याय नव्हता. खासगी कंपन्यांनी पुणे परिसरासाठी समांतर वितरण परवान्याचे (म्हणजे त्याच भागात महावितरणच्या जोडीने वीज पुरवण्याच्या परवानगीचे) अर्ज केल्यापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय: युनिटला किती स्वस्त पडेल? मुंबईच्या उपनगरांत अशी निवड २००९ पासून आहे. ज्या पुणेकरांचा तिकडे फ्लॅट आहे त्यांना हे आजच उपयोगी पडेल, बाकीच्यांनी आपली बिलं आतापासून जपून ठेवावीत.

एका महिन्यावरून हिशेब मांडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी वर. समजा (आकडे फक्त उदाहरणाचे आहेत) जुनी कंपनी पहिल्या १०० युनिटला ५ रुपये, पुढच्या २०० ला १२ रुपये आणि स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागतोच तो) १३० रुपये घेते. नवी कंपनी म्हणते, सरसकट ९ रुपये, स्थिर आकार १५०. मे महिन्यात एसी चालला, ३०० युनिट जळले. जुनीकडे बिल ३,०३०, नवीकडे २,८५०. एकशे ऐंशी रुपये वाचले म्हणून माणूस लगेच फॉर्म भरतो.

पण कोथरूडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आजी-आजोबांचा वापर वर्षातले दहा महिने ९० युनिटच असतो. तेव्हा जुनीकडे ५८० रुपये आणि नवीकडे ९६०. दोन महिने ३०० आणि दहा महिने ९० धरा: जुनीकडे वर्षाचे ११,८६० होतात, नवीकडे १५,३००. म्हणजे ३,४४० रुपये जास्तच गेले. उलट ज्या घरात वर्षभर तीनशेच्या वर युनिट जातात, तिथे हाच सरसकट दर फायद्याचा. म्हणून शेजाऱ्यांनी बदलली म्हणून आपण बदलू नये. मागच्या बारा बिलांवरचे युनिट कागदावर उतरवा आणि दोन्ही दरपत्रकं त्यावर लावून बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवू नका.

फक्त ‘वीज आकार’ वाचणं

बिलावर वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार (वीज वायरमधून घरापर्यंत आणण्याचा) आणि इंधन समायोजन आकार (इंधनाचा खर्च बदलला की कमी-जास्त होणारा) असतो, शिवाय घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. हे शुल्क राज्य सरकारचं, त्यामुळे कंपनी बदलून ते चुकत नाही. वीज एका कंपनीची आणि वायर दुसरीची असेल तर वायरवाल्या कंपनीचा वहन आकार द्यावाच लागतो. मुंबईत अशा ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभारही (काही ग्राहकांना स्वस्त वीज देता यावी म्हणून बाकीच्यांकडून घेतली जाणारी जादा रक्कम) लागला. जाहिरातीतला दर यातलं काय धरून सांगितलाय, ते लेखी मागा.

वीज जाणं थांबेल असं समजणं

वायर, ट्रान्सफॉर्मर आणि चौकातला डीपी तोच राहिला, तर झाडाची फांदी पडल्यावर दोन्ही कंपन्यांचे ग्राहक एकत्रच अंधारात बसतात. गुरुवारची देखभालीची बंदी दोघांनाही सारखीच. नव्या कंपनीचं स्वतःचं जाळं तुमच्या गल्लीत आहे का, आणि फ्यूज उडाला तर फोन कोणाला करायचा, हे आधी विचारा. मीटरच्या पुढचं, घरातलं वायरिंग मात्र आपलंच. तिथला बिघाड कोणतीच कंपनी अंगावर घेत नाही.

जुनं खातं अर्धवट सोडणं

पुण्यात कितीतरी फ्लॅटची बिलं अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावाने येतात. बदलायच्या आधी नाव लावून घ्या, नाहीतर सुरक्षा ठेव परत घेताना अडाल. ही ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते आणि नवी कंपनी आपली वेगळी मागते, म्हणजे तेवढी रक्कम काही काळ दोन्हीकडे अडकते. बँकेतलं ऑटो-डेबिट शेवटचं बिल चुकतं झाल्यावरच बंद करा.

मीटर बदलायला माणूस आला की काढण्यापूर्वी जुन्या मीटरचा फोटो घ्या: मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत. पुढे वाद झालाच तर तोच पुरावा.

छतावर सोलर असेल तर घाई नकोच. नेट मीटरिंगचा (छतावरची जादा वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याचा) करार सध्याच्या वितरण कंपनीशी असतो आणि साठलेल्या युनिटचा हिशेब ३१ मार्चला होतो. त्या युनिटचं काय होणार, याचं लेखी उत्तर आल्याशिवाय सही करू नका.

आणि बदलल्यावर अडचण आली तर

दोन्हीकडून बिल आलं तर घाबरू नका. जुनीचं शेवटचं रीडिंग आणि नवीचं पहिलं रीडिंग जुळतं का तेवढं बघा. जुळत नसेल तर फोटो जोडून दोघांनाही लेखी कळवा.

‘आज रात्री वीज तोडू’ असा मेसेज वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आला तर तो फसवणुकीचाच. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. कंपनी बदलून देतो म्हणून ओटीपी मागणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा.

कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांत तिथे अर्ज करावा लागतो. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे जाता येतं.