नामिबियात रानमांस: काय निवडावं, कसं शिजवावं

माझा कौल आधीच सांगून टाकते. इथल्या हरणांत चवीला पहिला नंबर स्प्रिंगबॉकचा. रोजच्या जेवणाला ऑरिक्स. आपल्या पद्धतीच्या झणझणीत रश्श्याला एलंड. कुडू या तिघांच्या मागे, पण कुडूची नळी मिळाली तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

मी कोल्हापूरची. लग्नानंतर विंडहुकला आले आणि इथल्या खाटकाच्या दुकानात मटण मागायला गेले, तर काचेपलीकडे मेंढीच्या शेजारी चार-पाच जातींची हरणं मांडलेली. आता पुण्या-मुंबईहून एटोशाचं राष्ट्रीय उद्यान बघायला येणारे नातेवाईक पहिल्याच संध्याकाळी विचारतात, ‘इथलं हरणाचं मटण खरंच खायचं का, आणि कुठलं?’ त्यांना जे तोंडी सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाचं मांस हा विषयच मिटला, आणि तो मिटायलाच हवा होता. नामिबियाची गोष्ट निराळी आहे. इथे 1975 च्या निसर्गसंवर्धन कायद्याने कुंपण घातलेल्या शेतमालकांना ऑरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक, वॉर्थॉग अशा ठरावीक जनावरांवर हक्क दिला. त्यामुळे हजारो एकरांच्या फार्मवर ही जनावरं राखली जातात आणि त्यांचं मांस उघडपणे, बिलासकट विकलं जातं. केनियात याच्या उलट. तिथे 1977 पासून शिकारीवर बंदी आहे. म्हणून ‘आफ्रिकेत सगळीकडे मिळतं’ असं समजून कुठेही, कुणाकडूनही घेऊ नका. रस्त्याकडेला टांगलेलं, कशाचं ते न सांगता येणारं मांस तर नकोच. माकड, वटवाघूळ, खवलेमांजर यांच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या दोघांशी इबोलासारख्या रोगांचा संबंध आहे, आणि तिसरं जनावर जगातून संपत चाललंय. नामिबियातल्या कुडूंमध्ये तर रेबीजच्या साथी येऊन गेल्या आहेत. तपासणीचा शिक्का असलेलं, दुकानातलं मांसच घ्यायचं, यावर मी अडून बसते.

चव कशावर ठरते

लोक जातीची नावं विचारतात. मी खाटकाला आधी तीन गोष्टी विचारते: जनावर नर की मादी, वय काय, आणि कसं मारलं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. पळवून पळवून दमवलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते. मग मेल्यानंतर मांसात लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. चांगल्या मांसाचा पीएच साडेपाचच्या आसपास उतरतो, याचा सहाच्या वरच अडकतो. असं मांस काळपट दिसतं, हाताला चिकट लागतं, लवकर खराब होतं आणि कितीही मसाला घाला, चव देत नाही. इथले चांगले फार्मवाले रात्रीच्या अंधारात, निवांत चरणारं जनावर डोक्यात एकाच गोळीने पाडतात. त्याला कळतसुद्धा नाही. मला दयेच्या बाजूनेही हेच पटतं आणि जिभेच्या बाजूनेही.

माजावर आलेल्या नराचं मांस उग्र लागतं. इम्पालाचा माज एप्रिल-मेमध्ये असतो, तेव्हा इम्पालाच्या नराला हात लावू नये. वॉटरबक म्हणून पाणथळीजवळचं एक देखणं हरीण आहे. त्याच्या कातडीला कस्तुरीसारखा तेलकट वास असतो, आणि सोलताना केस मांसाला लागले की तो वास मांसात शिरतो. ‘रानमांसाला वास येतो’ ही तक्रार बहुतेक वेळा अशी सोलणाऱ्याच्या हातात जन्मते.

दुसरं कारण चरबी. हरणाच्या मांसात चरबी दोन-तीन टक्क्यांच्या आतबाहेर. वरवर जी थोडी असते तीही बोकडाच्या चरबीहून घट्ट. ताटात जरा गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. उग्रपणाचा मोठा वाटाही तिच्यातच. म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ती चरबी आणि मांसावरचा चंदेरी पापुद्रा धारदार सुरीने काढून टाकणं. मग तूप, तेल, जे तुमच्या घरात चालतं ते स्निग्ध आपल्या हाताने घालायचं. एवढं केलंत तर निम्मं काम झालं.

जनावरं एकेक करून

स्प्रिंगबॉक हे लहान चणीचं हरीण, तीस-चाळीस किलोचं. आपल्या काळविटाच्या जवळच्या कुळातलं. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या कोरड्या माळावरची आणि नामिबियाच्या दक्षिणेकडची खुरटी, सुगंधी झुडपं खाऊन वाढतं, आणि तो गंध मांसात हलकासा उतरतो. रेषा बारीक, मांस मऊ. भाजायला पाठीच्या कण्याला लागून जो लांब पट्टा असतो तो घ्या, दुसरं काही नको. याच्या मानेच्या आणि बरगडीच्या हाडांचं पाणी इतकं हलकं उतरतं की मी त्याचा पांढरा रस्सा करते. सासरचे सगळे वाटीवर वाटी घेतात.

ऑरिक्स, म्हणजे इथल्या राजमुद्रेवरची ती भाल्यासारख्या सरळ शिंगांची जनावरं. वाळवंटातलं, अंगावर चरबी जवळजवळ नाही, तरी मांस नरम आणि सौम्य. पहिल्यांदाच खाणाऱ्याला मी हेच देते, कारण यात दचकण्यासारखं काही नाही. स्टेक, सुकं, कबाब, खिमा, सगळ्याला चालतं.

एलंड हे हरणांतलं सगळ्यांत अवजड, मोठा नर सातशे किलोच्या पुढे जातो. इतरांपेक्षा याला चरबी थोडी बरी असते आणि मांस मुरतं छान. दुकानात रोज दिसत नाही, दिसलं की मी दोन-तीन किलो घेऊन फ्रीजरला टाकते.

कुडूचं मांस गडद आणि चवीला भरदार. पाल्यावर जगणारं जनावर असल्याने ऑरिक्सपेक्षा रानाची चव जास्त. बिल्टाँगसाठी, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसासाठी, लोक त्यालाच पहिली पसंती देतात, आणि बरोबर देतात. नळीतला गर काय वर्णावा!

वॉर्थॉग हा रानडुकराच्याच गोतावळ्यातला. डुक्कर खात असाल तर याच्या बरगड्या चुकवू नका, पाळीव डुकरापेक्षा चरबी कमी आणि चव जास्त. पण हा एकच प्राणी आहे ज्याला मी पूर्ण शिजवल्याशिवाय ताटात येऊ देत नाही. रानडुकरांत ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात, आणि फ्रीजरमध्ये ठेवल्याने ते मरतीलच असा भरवसा धरायचा नसतो. आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसच्या वर गेलंच पाहिजे.

बाकीचे थोडक्यात. झेब्रा कोरडा आणि किंचित गोडसर, एकदा खाऊन बघण्यापुरता. वाइल्डबीस्ट भरड, त्याचा खिमाच करावा. मगरीच्या शेपटीचं मांस पांढरं, कोंबडी आणि मासा यांच्या मधलं, जास्त शिजलं की चिवट. दुकानातला शहामृग बहुधा रानातला नसतो, दक्षिण आफ्रिकेतल्या औट्सहोर्नभोवती तो दीडशे वर्षं पाळला जातो. मांस मात्र लालभडक आणि अतिशय मऊ.

गोमांस न खाणाऱ्यांनी हे जरूर वाचा

कुडू, एलंड, ऑरिक्स ही हरणं आहेत, गाय नव्हे, त्यामुळे आमच्या घरात ती चालतात. गडबड होते ती मिश्रणात. हरणाला चरबी नसते म्हणून सॉसेज, ड्रूअवॉर्स (वाळवलेलं सॉसेज), बर्गर आणि खिम्यात खाटीक बाहेरची चरबी घालतात, आणि ती बहुधा गायीची, डुकराची किंवा मेंढीची असते. पाटीवर ‘कुडू’ एवढंच लिहिलेलं असतं. शिवाय दक्षिण आफ्रिकेत 2013 मध्ये बिल्टाँगच्या डीएनए तपासण्या झाल्या, तेव्हा रानमांस म्हणून विकलेल्या कितीतरी नमुन्यांत भलतंच मांस निघालं, त्यात गोमांसही होतं. म्हणून सबंध तुकडा घ्यावा, खिमा डोळ्यांसमोर करून घ्यावा, आणि ‘यात दुसरी चरबी घालू नका’ असं स्पष्ट सांगावं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

शिजवताना

नियम एकच: मऊ भाग झटपट आणि जोरदार आचेवर, कष्टाचा भाग मंद आणि तासन्‌तास. मधलं काही करू नका. पाठीचा पट्टा वीस मिनिटं परतलात की चामडं.

स्प्रिंगबॉकचा पट्टा अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा. कापडाने अगदी कोरडा पुसा. तेलाचा हात, मीठ, आणि भाजून जाडसर कुटलेले धने-मिरे. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापू द्या, मग प्रत्येक बाजू दोन-दोन मिनिटं. मांसात टोचायचा थर्मामीटर इथे मोलाचा, 50 अंश दिसले की उतरवा. वर चमचाभर साजूक तूप, झाकून सात-आठ मिनिटं तसंच. त्या वेळात आच आणखी तीन-चार अंश आत मुरते आणि रस जागेवर बसतो. मग धाग्यांच्या आडवं, पातळ कापा. मधे गुलाबी राहायला हवं. गुलाबी मांस डोळ्याला सोसत नसेल, किंवा घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस असेल, तर या भागाच्या वाटेला न जाता सरळ रस्सा करा. अर्धवट भीतीने जास्त भाजलेला पट्टा कुणालाच आवडत नाही.

दही लावावं का? नळी आणि खांद्याला जरूर, रात्रभर. पाठीच्या पट्ट्याला नको. कच्ची पपई तर कशालाच नको. चरबी नसलेलं हे मांस पपईने तासाभरात पिठूळ होतं.

आता रस्सा, ज्याच्यासाठी मी एलंड राखून ठेवते. किलोभर नळी किंवा खांदा, हाडासकट. कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ लावून भरपूर पाण्यात आधी अळणी, म्हणजे तिखट-मसाल्याविना, शिजवून घ्यायचं. इथल्या तीन पायांच्या बिडाच्या पोइकीत निखाऱ्यांवर अडीच ते तीन तास लागतात, कुकरमध्ये शिटी झाल्यावर मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. वाटणात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, कोथिंबीर, नेहमीचंच. फरक तेलात. बोकडाचं मटण स्वतःची चरबी सोडतं आणि तर्री आपोआप येते. एलंड असो वा कुडू, तर्रीची सगळी जबाबदारी तेलाची. म्हणून नेहमीच्या दीडपट तेल घ्या, कांदा-लसूण मसाला त्यात अगदी मंद आचेवर, करपू न देता फुलवा, मग वाटण, मग मांस आणि अळणी पाणी. शेवटी दोन आमसुलं. रानमांसाला आंबटाची साथ फार मानवते. इथली डच-जर्मन वळणाची घरं त्याच कामासाठी जर्दाळू किंवा व्हिनेगर वापरतात.

वॉर्थॉगच्या बरगड्या आलं-लसूण, हळद, मीठ घालून आधी पूर्ण उकडून घ्या, मग ब्रायवर, म्हणजे उघड्या निखाऱ्यांवर, खरपूस करा. मोपानीचं लाकूड मिळालं तर उत्तम. त्याचा निखारा रात्र सरेपर्यंत टिकतो.

बिल्टाँग घरी करायचं तर हिवाळ्यात, आणि विंडहुकसारख्या कोरड्या हवेतच. कुडूच्या मागच्या पायाचे बोटभर जाड पट्टे धाग्यांच्या दिशेने कापायचे, व्हिनेगर शिंपडायचं, किलोला पंचवीस ग्रॅम मीठ, भाजलेले धने, मिरे, थोडी तपकिरी साखर. रात्रभर फ्रीजमध्ये, मग वाऱ्यावर, सावलीत, एकमेकांना न लागता टांगायचे. चार-पाच दिवसांत होतं. कोकणात किंवा मुंबईत कुणी हा प्रयोग करू नये, तिथल्या दमट हवेत बुरशीच येईल.

घेण्या-नेण्याबद्दल

ताजं मांस मे ते ऑगस्ट या थंडीच्या मोसमात मिळतं. गारव्यात टांगून मुरवायला तेव्हा सोपं जातं. कुडू-एलंड आठवडाभर मुरलेलं मागा, स्प्रिंगबॉकला इतके दिवस लागत नाहीत. एरवी गोठवलेलं घ्या, त्यात कमीपणा नाही, मात्र वितळवायचं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, एक पूर्ण दिवस देऊन. पाण्यात बुडवलंत तर रस निघून जातो. गोळीच्या जखमेभोवतीचा काळा-निळा भाग तळहाताएवढ्या अंतराने कापून टाका, त्यात शिशाचे कण असू शकतात.

गाडीने फिरणार असाल तर एक लक्षात ठेवा. देशाच्या उत्तरेतून दक्षिणेकडे येताना ओशिवेलोला पशुरोग नियंत्रणाची चौकी लागते. लाळ-खुरकताचा रोग पसरू नये म्हणून तिथे कच्चं मांस काढून घेतात. म्हणून उत्तरेत घेतलेलं तिकडेच शिजवून संपवा. आणि बिल्टाँगचं पाकीट भारतात नेण्याचा विचार सोडा, परवान्याशिवाय मांस नेता येत नाही. मुलांना चव दाखवायची असेल तर इथेच, विमानतळावर जायच्या आदल्या रात्री दाखवा. ऑरिक्सचं सुकं आणि भाकरी, तेवढं पुरे.