वाकळीवर बोट ठेवलं की आजी बोलली पाहिजे

डिजिटल संग्रहालय करायचं ठरलं की लोक आधी वेबसाइटचं नाव आणि लोगो काढायला बसतात. मी हिंगोली जिल्ह्यात शाळेत शिकवते, पोरांना हाताशी घेऊन गावातल्या जुन्या कपड्यांच्या नोंदी करते. माझं म्हणणं असं, की वेबसाइट सगळ्यात शेवटी. आधी ट्रंक उघडणारी बाई राजी झाली पाहिजे आणि बोलती झाली पाहिजे. ती बोलली नाही तर तुमच्या हाती नुसते कापडाचे फोटो राहतात.

पैठणीपासून सुरुवात करू नका. पैठणीचं नाव झालंय, भौगोलिक मानांकनही मिळालंय. संभाजीनगरच्या हिमरू या विणीच्या कापडावरही बरंच लिहून झालंय. राहून जातं ते रोजच्या अंगावरचं: इरकली लुगडं, खणाची चोळी, लेकराची कुंची, म्हाताऱ्याचा पटका, धनगराची घोंगडी, तांड्यावरच्या बंजारा बायांची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी. हे विटलं की वाकळीत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत जातं, नाहीतर पोतेरं होतं.

कपडा शाळेत मागवू नका, त्याच्या घरीच फोटो काढा. ओसरीवर सावलीत, सकाळच्या उजेडात, धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर पसरा. फ्लॅश बंद. शेजारी मोजपट्टी आणि नोंद क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. फोटोसाठी इस्त्री फिरवू नका. घडीवर विरलेलं रेशीम तिथंच फाटतं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, एका फोटोत मावत नाही. तुकड्यातुकड्यानं काढा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येऊ द्या, म्हणजे नंतर जोडता येतं. काठ, पदर आणि कापडाची उलटी बाजू वेगळी घ्या. उलट्या बाजूला विणकाम कळतं: पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो, हिमरूच्या पाठीला सुटे धागे असतात. भरतकामाच्या मागे कुणी, कितीदा डागडुजी केली तेही दिसतं.

पोरं फोटो काढत असताना रेकॉर्डर चालूच ठेवा. "आरं लेकरा, पदर उलटा धरलास की," असं आजी म्हणते आणि मग सुलटा कसा, का, कुणी शिकवलं, हे आपोआप येतं. समोर बसवून मुलाखत घेतली की माणूस पुस्तकी बोलायला लागतो. साल विचारूच नका. "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं का नंतरचं?" असं विचारा. फार जुनं असेल तर रझाकारांच्या वेळचं का, हे विचारा; लातूर-धाराशिवकडं भूकंपाच्या आधीचं का, म्हणजे १९९३. नोंदीत कपड्याचं नाव मालकिणीच्या तोंडचं लिहा. बाजार कुठला, शिवलं कुणी, कोणत्या कामाला नेसायची, कशानं धुवायची, हे रकाने ठेवा. नोंद कशी भरतात याचा नमुना पाहायचा असेल तर 'म्युझियम्स ऑफ इंडिया' पोर्टल उघडा. पुण्याच्या सी-डॅकनं केलेल्या 'जतन' सॉफ्टवेअरवर ते चालतं.

आता संवादी भाग, म्हणजे बोट ठेवलं की बोलणारा. माझ्या मते पहिली वस्तू वाकळ घ्यावी. एका वाकळीत घरातल्या चार पिढ्यांचे कपडे शिवलेले असतात. वरून सरळ, मोठा, स्पष्ट फोटो घ्या. वर्डप्रेसवर 'एच-फाइव्ह-पी' नावाचं मोफत प्लगिन टाका, त्यात 'इमेज हॉटस्पॉट्स' हा प्रकार निवडा. फोटोवर हवा तिथं ठिपका ठेवता येतो आणि ठिपक्याला मजकूर, फोटो किंवा छोटा व्हिडिओ जोडता येतो. जांभळ्या इरकलीच्या तुकड्यावर ठिपका: व्हिडिओत फक्त आजीचा हात त्या तुकड्यावर फिरतोय आणि ती सांगतेय की हे सासूचं, खुरपायला जाताना नेसायची, काठ चांगला होता म्हणून कडेला लावला. शेजारच्या निळ्या चौकड्यावर नवऱ्याचा सदरा. कडेच्या धावदोऱ्यावर आणखी एक ठिपका, तिथं सुई चालतानाचा हात. चेहरा दाखवायला बाया लाजतात, हात दाखवायला नाही. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवा, आमच्याकडं टॉवर रुसलेलाच असतो.

नेसण्याचा व्हिडिओ मात्र पूर्ण हवा. कासोटा पुढून कळत नाही, म्हणून तो मागूनही घ्या. मानेपासून खाली फ्रेम धरली तरी चालतं.

थ्रीडीची हौस कुंचीवर आणि दागिन्यांवर भागवा. वस्तूभोवती फिरून, एकावर एक येणारे भरपूर फोटो काढले की फोटोग्रामेट्रीचं सॉफ्टवेअर आकृती उभी करतं. कांचळीवर तो नाद करू नका. तिच्यावरचे आरसे प्रत्येक कोनातून वेगळं काही दाखवतात, सॉफ्टवेअरला जुळणी सापडत नाही आणि आरशांच्या जागी खड्डे पडतात. ती उन्हात हळूच वळवून व्हिडिओ घ्या. आरसे लखलखताना दिसले पाहिजेत, थ्रीडीत ते नाहीतरी मेलेलेच दिसतात.

परवानगी कागदावर घ्या, पण आधी तोंडी समजावून सांगा, तांड्यावर गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत सांगणारं माणूस सोबत ठेवा. कपड्याचा फोटो, आवाज आणि चेहरा या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. मालकाचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता कधीच टाकू नका. जुन्या भरतकामाला बाहेर भाव आहे; पत्ता दिला की खरेदीदार दारात येतो आणि अडचणीच्या महिन्यात फेटिया मिळेल त्या किमतीला जाते. विकिमीडिया कॉमन्सवर फोटो चढवणार असाल तर हेही सांगा, की तिथं धंद्यासाठी वापरायलाही मुभा द्यावीच लागते. 'फक्त अव्यावसायिक' असा परवाना तिथं चालत नाही. घरच्यांना ते नको असेल तर फोटो आपल्याच साइटवर ठेवा.

मूळ फोटो आकार कमी न करता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. साइटवर लहान आकाराचे.

झालं की आधी गावात दाखवा. शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावा, हळदीकुंकवाला किंवा १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्यानंतर, बाया जमलेल्या असतात तेव्हा. एकीनं सांगितलेलं दुसरी खोडून काढेल: "हा काठ इरकलीचा नव्हंच." भांडू द्या आणि तेही रेकॉर्ड करा. नोंदीखाली दुरुस्तीचा रकाना ठेवा, त्यात कोण काय म्हणालं, कोणत्या तारखेला, हे लिहा आणि आधीची नोंद पुसू नका.