वर्कस्टेशनच्या मदरबोर्डावरील ईसीसी रॅम आणि बायोस कसे तपासावे

इंदूरला रामबागेतल्या माझ्या कार्यालयात एक वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा संगणक, आहे आणि त्यावर इमारतींच्या सांगाड्याची गणिते रात्ररात्र चालतात. अशा कामात रॅममधला एखादा बिट (0 किंवा 1) उलटला, तर यंत्र बंद पडेलच असे नाही; ते मुकाट्याने चुकीचा आकडा पुढे नेऊ शकते, आणि तेच अधिक घातक आहे. ईसीसी रॅम, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करणारी मेमरी, साधारणतः दर 64 बिट माहितीमागे 8 तपासणीचे बिट जास्तीचे ठेवते, त्यामुळे एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक निदान लक्षात तरी येते.

मात्र खोक्यावर ‘ईसीसी सपोर्ट’ असे छापलेले असले, तरी त्याचे तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात. एक, ईसीसी स्टिक (रॅमची पट्टी) लावली तर मदरबोर्ड चालू होतो, पण जास्तीचे बिट वापरत नाही. दोन, चूक दुरुस्त होते, पण कोणाला कळवली जात नाही. तीन, चूक दुरुस्त होते आणि ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत तिची नोंदही पोहोचते. आपल्याला तिसरा अर्थ हवा आहे, आणि तो खरा आहे की नाही हे स्वतः पाहिल्याखेरीज धरून चालू नये.

सुरुवात प्रोसेसरपासून करावी, कारण रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर त्याच्यातच असतो. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या अनेक कोअर प्रोसेसरांना ईसीसी येते, पण त्यासाठी डब्ल्यू680 चिपसेटचा (बोर्डावरील नियंत्रक चिपेचा) बोर्ड लागतो. एएमडीच्या रायझन 5600जी या ग्राफिक्ससह येणाऱ्या प्रोसेसरात ती सोय नाही. त्याच घराण्यातील प्रो आवृत्तीत आहे. त्यानंतर मॅन्युअलमध्ये रॅमचा प्रकार पाहावा. एएमडीच्या थ्रेडरिपर प्रोला सहसा रजिस्टर्ड स्टिक (संकेत मधल्या चिपेतून नेणारी) लागते, तर साध्या रायझनला अनबफर्ड (ती चिप नसलेली). डीडीआर4 या पिढीच्या रॅममध्ये दोन्हींची खाच एकाच जागी असल्याने चुकीची स्टिक स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते आणि यंत्र मात्र सुरूच होत नाही.

स्टिक हातात घेऊन चिपा मोजाव्यात. एका दुकानातून मला ईसीसी म्हणून मिळालेल्या डीडीआर4 स्टिकवर एका बाजूला आठच काळ्या चिपा होत्या. नववी, जिच्यात तपासणीचे बिट राहतात, ती नव्हतीच. बिल ईसीसीचे होते, माल साधा होता, आणि मी न मोजता घरी आलो असतो तर तो तसाच लागला असता. डीडीआर5 या पुढच्या पिढीच्या जाहिरातीत दिसणारे ‘ऑन-डाय ईसीसी’ हे चिपेच्या पोटातल्या चुकांपुरते असते. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक ते पकडत नाही.

आता बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम चालणारी बोर्डावरील प्रणाली. ती अपडेट करण्याआधी सध्याची आवृत्ती आणि बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक लिहून घ्यावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनांची फाइल वेगळी असू शकते. उत्पादकाच्या पानावरील बदलांची टीप शेवटपर्यंत वाचावी: काही आवृत्त्यांच्या आधी मधली एक आवृत्ती घालावी लागते, काहींनंतर मागे फिरता येत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर तो आधी स्थगित करावा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. फाइल एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्यावी. इंदुरात जूनच्या वादळात वीज जाते, म्हणून यूपीएसशिवाय अपडेट करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. डीडीआर5 चा बोर्ड अपडेटनंतर प्रथम चालू होताना काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. घाबरून बटण दाबू नये.

अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून बायोसमध्ये ईसीसी ‘ऑटो’वर असेल तर ते ‘एनेबल्ड’ करावे आणि मग पडताळणी सुरू करावी. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड या आज्ञेने डीडीआर4 च्या स्टिकची एकूण रुंदी 72 बिट आणि माहितीची 64 बिट दाखवली पाहिजे. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीत मेमरी एरर करेक्शनचे मूल्य 5 किंवा 6 आले तर ईसीसी आहे, 3 आले तर नाही. पण ही माहिती बायोसने भरलेल्या तक्त्यातून येते, तेवढ्यावर मी समाधान मानत नाही. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत ईडॅकचा, म्हणजे मेमरीच्या चुका टिपणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर मेमरी कंट्रोलरला जोडला गेल्याचे दिसले, आणि दुरुस्त झालेल्या व न झालेल्या चुकांचे दोन मोजणी-आकडे मिळाले, म्हणजे नोंद खरोखर वरपर्यंत येण्याची वाट उघडी आहे.

हे आकडे मी दर महिन्याला तारखेसह वहीत उतरवतो. दुरुस्त चुकांचा आकडा एकाच स्लॉटवर वाढत राहिला, तर तिथली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहावी: चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक बदलावी, जागीच राहिली तर तो स्लॉट किंवा प्रोसेसरची बैठक तपासून घ्यावी.