हंगामाआधी जुन्या ट्रॅक्टरचा आवाज ओळखा, इंजिन खोलायची घाई नको

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू होतात, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि एकदा ट्रॅक्टर डबल ट्रॉलीला जुंपला की मग मार्चपर्यंत त्याच्याकडं निवांत बघायला कुणाला वेळ मिळत नाही, म्हणून जुना ट्रॅक्टर असणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे की आवाज बदलला असेल तर आत्ताच बघून घ्या.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर चकाचक धुतो, पण धुवायच्या आधी बॉनेट उघडून मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर सायलेन्सरकडं नेणारा भाग, नीट बघा. हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि मॅनिफोल्डच्या जोडावर किंवा सायलेन्सरच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) काळी काजळी पसरलेली दिसली की तिथनं धूर फुटतोय हे नक्की, आणि एकदा पाणी मारलं की हा पुरावा धुऊन जातो. धुताना उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला, पावसाळ्यात उघड्यावर उभा होता तर आत पाणी गेलेलं असू शकतंय, अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, कारण पाणी दबत नाही आणि सिलेंडरमध्ये साठलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असेल तर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून इंजिन हातानं फिरवा, पाणी बाहेर पडू दे, ऑइलचा रंग दुधासारखा झालाय का तेही बघा.

आता मेन गोष्ट. टिक टिक आवाज आला की लगेच टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजतंय म्हणून हेडकव्हर उघडलं जातं, आणि बऱ्याचदा दोष असतो एक्झॉस्टच्या, म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डच्या मधल्या, पॅकिंगचा. फसायला होतंय कारण क्रँकच्या 2 फेऱ्यांत एक सिलेंडर एकदा धूर सोडतो आणि त्याचा व्हॉल्व्हसुद्धा 2 फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणजे दोन्ही आवाजांचा ठेका एकच. फरक ओळखायचा तो लोडवर आणि गरम झाल्यावर. पॅकिंग फुटलेलं असलं तर सकाळी थंड इंजिनला आवाज मोठा, तापलं की लोखंड फुगून फट बुजते आणि आवाज कमी होतो, पण नांगराला किंवा ट्रॉलीला जोर लागला की परत फट फट सुरू, टॅपेटचा आवाज मात्र लोडनं फारसा बदलत नाही. पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाजवळ आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरनं हळूहळू फिरवा, फॅन आणि बेल्टपासनं लांब राहून, जिथं फुसकारा जोरात येतो तिथंच लीक. अजून एक, थंड इंजिन नुकतंच चालू करून स्लो ठेवायचं आणि काठीला ओलं पोतं गुंडाळून सायलेन्सरचं तोंड 2-3 सेकंद दाबायचं, लीक असेल तर तिथनं आवाज लगेच वाढतो.

खालनं ढक ढक असा जड आवाज येत असेल आणि लोडवर वाढत असेल तर मात्र ट्रॅक्टर चालवू नका, बेरिंगचं काम असण्याची शक्यता आहे, ऑइल प्रेशरचा काटा बघा आणि फिटरला बोलवा. नोझलच्या डिझेल पाइपचे नट सैल करून कुठला सिलेंडर वाजतोय हे तो शोधेल, ते आपण हातानं करायला जाऊ नका, डिझेलची धार कातडीत घुसते.

पॅकिंग बदलायचं काम सोपं आहे पण घाईचं नाही. जुने स्टड (हेडमध्ये बसवलेले, ज्यावर नट आवळतात ते दांडे) गंजून जाम झालेले असतात, आदल्या रात्री नटांवर गंज सोडवायचं ऑइल सोडा, सकाळी थोडं ढिलं थोडं घट्ट असं करत काढा, नुसता पाना ओढला की स्टड हेडमध्ये तुटतो आणि तासाच्या कामाला दोन दिवस लागतात. तुटलाच तर त्यावर नट वेल्ड करून बऱ्याचदा निघतो, नाहीतर ड्रिल मारायला लेथवाल्याकडं जावं लागतंय. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतंय, म्हणून ते कोरडं घासून किंवा हवा मारून उडवू नका, ओलं करून खरवडा. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी धरून बघा, वाकलं असेल तर नवीन पॅकिंगही थोड्या दिवसांत फुटणार, त्यापेक्षा मशीनशॉपमध्ये नेऊन फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून घ्या. सिलिकॉनची ट्यूब इथं लावायची नाही, ती जळून जाते. नट मधनं सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत सारखे आवळा, आटे ग्राफाइट ग्रीसनं चोळले तर पुढच्या वेळी सुटतात.

सायलेन्सर काढून हलवा, आत खडखडलं तर आतली पत्री सुटलीय, दुरुस्त करण्यापेक्षा नवाच घ्या, पण पाइपचं माप कंपनीइतकंच ठेवा, बारीक पाइप लावला की इंजिन गुदमरून तापतंय आणि काळा धूर टाकतंय. काही जण मोकळा पाइप लावतात, कृपा करून ते नको. 8 तास सलग 85 डेसिबलच्या वर आवाज कानाला घातक मानतात आणि केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या कानाशी तो सहज त्याच्या वर जातो, ऐकायला कमी आलं की ते परत येत नाही. आणि फडात वाळलेला पाला असतोय, लोडवर साठलेला कार्बन ठिणग्या होऊन बाहेर पडतो, लीक मॅनिफोल्डवर पाचट आणि ऑइलचा चिकटा साचलेला असला तर शेजाऱ्याच्या उसासकट पेट घ्यायला वेळ लागत नाही. रोज सकाळी मॅनिफोल्डभोवतीचा कचरा काढायचा, सीटमागं अग्निशामक नळकांडं ठेवायचं.

नवीन पॅकिंग बसवल्यावर इंजिन अर्धा तास चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि नट परत एकदा आवळा, पहिल्या आठवड्यात ट्रॉली ओढून झाल्यावर आणखी एकदा बघा. चालू करून बघताना शेड उघडी असू दे, बंद शेडमध्ये या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो.